मित्रमंडळींची चित्रपट-भिडूनिवड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही चौघे मित्र गेली काही वर्षे वर्षातून दोनदा एकत्र बसून मराठी चित्रपटांची भिडूनिवड खेळतो. इंग्रजीत या प्रकाराला ड्राफ्ट म्हणतात. खेळाविषयी ऐकल्यावर ओळखीचे लोक जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे सविस्तर दिली आहेत. नियम आमचे आहेत. ते आपल्या मंडळींच्या सोयीने जरूर बदलावेत, परंतु बदलण्यापूर्वी ते का केले हे वाचावे अशी विनंती आहे.

भिडूनिवड म्हणजे नेमके काय?

लहानपणी मैदानात दोन कर्णधार समोरासमोर उभे राहून आळीपाळीने एकेक भिडू आपल्याकडे घेत असत, हे बहुतेकांना आठवत असेल. एकाने घेतलेला भिडू दुसऱ्याला मिळत नसे. येथेही तेच आहे, फक्त भिडूंच्या जागी चित्रपट आहेत. प्रत्येक खेळाडू आपल्या पाळीला एक चित्रपट मागतो, तो त्याच्या नावावर लागतो आणि त्या संध्याकाळपुरता इतरांसाठी संपतो. सर्व फेऱ्या झाल्या की प्रत्येकाकडे सहा चित्रपटांचा संघ तयार होतो, आणि मग कोणाचा संघ सरस यावर वाद होतो.

आवडत्या चित्रपटांची यादी करायला सांगितली तर माणूस बिनधोक यादी करतो. सगळेच मावत असल्याने काहीच सोडावे लागत नाही. भिडूनिवडीत मात्र एक घेताना दुसरा हातचा जातो, आणि तो गेल्यावर जी हळहळ वाटते तीवरून आपल्याला खरोखर काय हवे होते हे कळते. माझ्या मते या खेळाचा जीव एवढ्या एका गोष्टीत आहे, आणि पुढचे सर्व नियम ती हळहळ खरी राहावी यासाठीच आहेत.

निवडीचा क्रम नागमोडी कशासाठी?

क्रम दर फेरीला तोच ठेवला तर पहिल्यावर असलेल्याचा फायदा वाढत जातो. चार खेळाडू आणि सहा फेऱ्या धरल्या तर एकूण २४ निवडी होतात. सरळ क्रमात पहिल्या खेळाडूच्या वाट्याला १, ५, ९, १३, १७ आणि २१ या क्रमांकाच्या निवडी येतात. त्यांची बेरीज ६६ होते. चौथ्याची बेरीज ८४ होते. बेरीज जितकी कमी तितकी निवड आधी, म्हणजे चौथा दर फेरीत मागेच राहतो.

दुसऱ्या फेरीला क्रम उलटा केला, तिसऱ्या फेरीला पुन्हा सुलटा केला, तर पहिल्याला १, ८, ९, १६, १७, २४ आणि चौथ्याला ४, ५, १२, १३, २०, २१ हे क्रमांक मिळतात. दोघांचीही बेरीज ७५ येते. मधल्या दोघांचीही तीच येते. फेऱ्यांची संख्या विषम ठेवली तर हा समतोल बिघडतो. पाच फेऱ्यांत पहिल्याची बेरीज ५१ आणि चौथ्याची ५४ होते. म्हणून फेऱ्या चार, सहा किंवा आठ अशा समसंख्येनेच ठेवाव्यात.

किती जण असावेत आणि किती वेळ लागतो?

चार ही आमच्या अनुभवाने सर्वांत चांगली संख्या आहे. तिघांत चुरस कमी होते आणि सहा जण झाले की आपली पाळी येईपर्यंत लोक उठून चहा करायला जातात. प्रत्येक निवडीला विचारासाठी दोन मिनिटे आणि कारण सांगण्यासाठी दोन मिनिटे दिली तर २४ निवडींना ९६ मिनिटे लागतात. त्यापुढे अंतिम वाद आणि मतदान धरून अडीच तास हाताशी ठेवावेत.

पहिली पाळी कोणाची, हे कसे ठरवावे?

चकून ठरवावे किंवा चिठ्ठ्या टाकाव्यात. मागच्या वेळच्या विजेत्याला पहिली पाळी देऊ नये.

कोणता चित्रपट मराठी धरायचा?

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. आमचा नियम असा आहे की ज्या चित्रपटाचे मूळ संवाद प्रामुख्याने मराठीत आहेत आणि जो आज आरंभापासून अखेरपर्यंत पाहता येतो, तोच निवडता येईल. यातील दोन्ही अटींमागे एकेक वाद आहे.

पहिल्याच वर्षी आमच्यातील एकाने १९१३ सालचा, दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मागितला. त्याचा मुद्दा भावनिक असला तरी वजनदार होता, कारण जिथून सगळे सुरू झाले त्यालाच वगळून मराठी चित्रपटांचा संघ कसा उभा करायचा, असे त्याचे म्हणणे होते. परंतु तो मूकपट आहे, त्यामुळे त्याला संवादांची भाषाच नाही. शिवाय त्याच्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे रीळच आज उपलब्ध आहे. जो चित्रपट आपण पुरता पाहू शकत नाही, त्याच्याविषयीचा वाद हा इतिहासाविषयीचा वाद होतो. त्या दिवसापासून आमच्या यादीचा आरंभ १९३२ साली आलेल्या ‘अयोध्येचा राजा’पासून, म्हणजे पहिल्या मराठी बोलपटापासून होतो.

दुसरा पेच दोन भाषांतील चित्रपटांचा. प्रभात फिल्म कंपनी अनेक चित्रपट मराठी आणि हिंदी असे दोन्ही भाषांत काढत असे. १९३७ सालचा ‘कुंकू’ हिंदीत ‘दुनिया न माने’ या नावाने आला. आम्ही अशा जोडीपैकी फक्त मराठी चित्रपट धरतो, आणि वादात हिंदी आवृत्तीचे गुण मोजू देत नाही. मराठी चित्रपटाचा पुढे दुसऱ्या भाषेत पुनर्निर्माण झाला असेल, जसे ‘सैराट’वरून ‘धडक’ आला, तर त्याच्या यशापयशाचाही मूळ चित्रपटाशी संबंध जोडत नाही.

गोव्यातील स्नेही विचारतात की कोकणी चित्रपट चालतील का. कोकणी ही स्वतंत्र भाषा आहे आणि तिच्या चित्रपटांना आपल्या यादीत कोपऱ्यातली जागा देणे हा त्यांचा मान ठेवणे नव्हे. मंडळी कोकणी जाणणारी असतील तर कोकणी आणि मराठी मिळून वेगळा डाव मांडावा.

चित्रपटाचे वर्ष कोणते धरायचे?

भारतातील चित्रपटगृहांत तो ज्या वर्षी लागला ते. हा नियम आधीच लिहून ठेवावा, कारण अलीकडचे अनेक चित्रपट महोत्सवांत आधी दाखवले जातात. ‘कोर्ट’ व्हेनिसच्या महोत्सवात २०१४ साली दाखवला गेला आणि आपल्याकडे २०१५ साली लागला. ‘किल्ला’चेही तसेच झाले, बर्लिनला २०१४, येथे २०१५. दशकांनुसार रकाने पाडणार असाल तर अशा एका वर्षावरून अर्धा तास जातो.

रकाने पाडणे आवश्यक आहे का?

आवश्यक नाही, परंतु रकान्यांशिवाय खेळलो तेव्हा चौघांचे संघ एकाच पंधरा-वीस वर्षांत अडकून पडले. आपल्या तरुणपणी पाहिलेल्या चित्रपटांकडे हात आपोआप जातो. आता आमचे सहा रकाने असे आहेत : १९६० पूर्वीचा चित्रपट, तमाशापट किंवा ग्रामीण चित्रपट, विनोदी चित्रपट, ज्याच्या केंद्रस्थानी मूल आहे असा चित्रपट, २००० नंतरचा चित्रपट आणि एक मुक्त रकाना. निवड करतानाच ती कोणत्या रकान्यात हे सांगावे लागते आणि नंतर ती हलवता येत नाही.

रकान्यांमुळे डावात खरा विचार येतो. ‘श्यामची आई’ १९५३ सालचा असल्याने पहिल्या रकान्यातही बसतो आणि मुलाच्या रकान्यातही. १९५९ सालचा, अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ पहिल्या आणि दुसऱ्या अशा दोन्ही रकान्यांत बसतो. अशा दुहेरी चित्रपटांना मागणी जास्त असते. याउलट २००० नंतरचा रकाना इतका भरलेला आहे की त्याची घाई करण्याचे काहीच कारण नाही, शेवटच्या फेरीतही तेथे उत्तम चित्रपट शिल्लक राहतो. १९६० पूर्वीचे आणि आपण स्वतः पूर्ण पाहिलेले चित्रपट मात्र बहुतेकांना बोटांवर मोजण्याइतकेच सापडतात, म्हणून जाणता खेळाडू त्या रकान्याकडे आधी वळतो.

न पाहिलेला चित्रपट निवडला तर चालेल का?

चालणार नाही. हा एकच नियम आम्ही कोणासाठीही शिथिल करत नाही.

त्यामागची हकिकत सांगतो. दुसऱ्या वर्षी आमच्यातील एकाने राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला एक चित्रपट निवडला आणि त्याविषयी फार चांगले बोलला. समोरच्या मैत्रिणीने सहज विचारले की त्यातला शेवट तुला पटला का. तो थांबला. त्याने तो चित्रपट पाहिला नव्हता, त्याविषयी वाचले होते. तिने काही टोमणा मारला नाही, पण त्यानंतर तासभर तो फारसा बोलला नाही आणि आम्हालाही काय बोलावे ते सुचेना. घरी जाताना जिन्यात तो म्हणाला की चांगल्या चित्रपटांची नावे घेतली नाहीत तर तुम्ही मला कमी समजाल असे वाटले. त्या वाक्याने आम्हा सर्वांनाच विचारात पाडले, कारण थोडेफार तसे प्रत्येकजण करत होता. तेव्हापासून निवड करताना त्या चित्रपटातील एक प्रसंग आपल्या शब्दांत सांगायचा असतो. चित्रपट कुठे आणि कोणाबरोबर पाहिला हे सांगितले तर अधिक बरे.

पहिल्या पाळीला काय घ्यावे?

या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर थोर आणि आवडता यांतला फरक आधी स्वतःपाशी कबूल करावा लागतो. काही चित्रपटांपुढे आपण नमस्कार करतो आणि काही चित्रपट रात्री अकरा वाजता टीव्हीवर मध्येच लागलेले दिसले तरी शेवटपर्यंत बसून पाहतो. दोन्ही गुण एकाच चित्रपटात असले तर उत्तमच, पण नेहमी असतातच असे नाही.

आमच्या पहिल्या तीन डावांत पहिली निवड दर वेळी ‘संत तुकाराम’ होती. दामले-फत्तेलाल यांनी १९३६ साली काढलेला हा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला, ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते आणि ती सांगितली की कोणी विरोध करत नाही. तिसऱ्या डावात ज्या मैत्रिणीने तो घेतला, ती शाळेत मराठी शिकवते. तिने महोत्सवाचा उल्लेखही केला नाही. ती जिजाईविषयी बोलली. तुकारामाची भूमिका करणारे विष्णुपंत पागनीस डोळे मिटून गात असतात तेव्हा घरात दाणा नाही हे जिजाईला माहीत असते. तिचा राग, तिचे देवाला फैलावर घेणे आणि तरीही नवऱ्याच्या पानात भाकरी पडावी म्हणून चाललेली तिची धडपड, यांमुळे तो संतपट एका संसाराची गोष्ट होतो, असे तिचे म्हणणे होते. आम्ही चौघांनी तो चित्रपट पुन्हा पाहिला तो तिच्यामुळे. तोच चित्रपट, तीच पहिली पाळी, परंतु आधीच्या दोन निवडी दबकून केलेल्या होत्या आणि ही मनापासून होती.

तेव्हा माझा सल्ला असा की जो चित्रपट दुसऱ्याने घेतला तर आपल्याला संध्याकाळभर चुटपुट लागेल, तो पहिल्या पाळीला घ्यावा. आपण पाळीत शेवटचे असाल तर चौथी आणि पाचवी निवड लागोपाठ आपलीच असते. त्या दोन निवडी एकमेकींना पूरक अशा घेता येतात, ही सोय पहिल्या खेळाडूला आरंभी नसते.

अंतिम वाद कसा चालतो?

प्रत्येकाला आपल्या संघाविषयी पाच मिनिटे मिळतात. त्यानंतर इतर तिघे एकेक प्रश्न विचारतात आणि त्याचे उत्तर द्यावे लागते. पाच मिनिटांत सहाही चित्रपटांचे गुणगान करणे शक्य नसते, म्हणून एखाददुसऱ्या चित्रपटावरच थांबावे.

चांगला युक्तिवाद कसा असतो याचा एक नमुना देतो. नागराज मंजुळे यांचे ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ हे दोन चित्रपट एका वर्षी दोन वेगळ्या संघांत गेले. ‘सैराट’ घेणाऱ्याने तो किती लोकांनी पाहिला यावर भर दिला आणि शेवटच्या दृश्यातील आवाज काढून टाकलेल्या शांततेविषयी, त्या लहान मुलाच्या पावलांच्या ठशांविषयी सांगितले. ‘फँड्री’ घेणाऱ्या मित्राने फक्त एक प्रसंग उभा केला. जब्याचे कुटुंब डुकराच्या मागे धावत असते, डुक्कर हाती येणार इतक्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होते, आणि ती सगळी माणसे जागच्या जागी ताठ उभी राहतात. डुक्कर निघून जाते. मित्र म्हणाला की या प्रसंगात कोणी वाईट वागत नाही, कोणी शिवी देत नाही, सगळे नियमाप्रमाणे चालले आहे, आणि म्हणूनच तो पाहवत नाही. मग त्याने विचारले, ‘सैराट’मधील प्रेमाची गाणी काढून टाकली तर त्याचा शेवट इतकाच लागला असता का? यावर समोरच्याचे उत्तरही तोलामोलाचे होते. तो म्हणाला की तो गोडवा मुद्दाम दिलेला आहे, कारण ज्या दोघांच्या सुखात आपण सामील झालो त्यांच्याच दाराशी आपल्याला नेऊन उभे करायचे होते. दोन्ही बाजू मला अजून पटतात. ‘फँड्री’ला त्या रात्री माझे अधिक गुण गेले.

एक बंधन आम्ही घातले आहे. ‘अशी ही बनवाबनवी’सारख्या चित्रपटाचे संवाद घरोघरी पाठ असतात आणि ते म्हणू लागले की सगळे हसतात, आणि हसणाऱ्या माणसांना वाटते की मुद्दा सिद्ध झाला. म्हणून वादाच्या वेळी संवाद म्हणून दाखवायचे नाहीत. हा नियम आल्यावरच त्या चित्रपटाविषयी आम्ही नीट बोलू शकलो. बँकेत नोकरी करणाऱ्या आमच्या मित्राने सांगितले की १९८८ सालच्या या विनोदाच्या बुडाशी पुण्यात एकट्या मुलांना भाड्याने खोली न मिळण्याची अडचण आहे. तो स्वतः बाहेरगावाहून आला तेव्हा त्याने सतरा घरांचे जिने चढले होते, आणि अशोक सराफ यांच्या चेहऱ्यावरचा अजिजीचा भाव त्याला ओळखीचा वाटला होता. विनोदी चित्रपटाची बाजू गांभीर्याने मांडता येते, हे त्या दिवशी आमच्या लक्षात आले.

पुरस्कार आणि गल्ला यांना किती वजन द्यावे?

माहिती म्हणून ते जरूर सांगावे, पण युक्तिवाद म्हणून त्याला मोल नाही. ‘श्यामची आई’ला पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, आणि त्यानंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मराठीला पुन्हा मिळाला तो थेट ‘श्वास’ला, पन्नास वर्षांनी. पुढे ‘देऊळ’, ‘कोर्ट’ आणि ‘कासव’ यांनाही तो मिळाला. मधल्या पन्नास वर्षांत मात्र ‘पिंजरा’, ‘सामना’, ‘सिंहासन’ आणि ‘उंबरठा’ हे चित्रपट आले. त्यांना तो मान मिळाला नाही म्हणून ते कोणाच्या संघात दुबळे ठरत नाहीत.

गल्ल्याचेही तसेच आहे. १०० कोटींच्या पुढे गेलेला पहिला मराठी चित्रपट म्हणून ‘सैराट’चे नाव घेतले जाते, आणि ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला. दोन काळांतील तिकिटांचे दर, पडद्यांची संख्या आणि करमणुकीची साधने इतकी वेगळी आहेत की हे आकडे एकमेकांशेजारी ठेवून काहीच सिद्ध होत नाही. १३१ आठवडे एका चित्रपटगृहात लोक का येत राहिले असतील, हा प्रश्न मात्र वादात आणण्यासारखा आहे, आणि ज्याने तो चित्रपट घेतला त्याने त्याचे उत्तर शोधून यावे.

वादाचे भांडण झाले तर?

आमच्याकडे एकदा झाले आहे. मुक्त रकान्यात एकाने १९९१ सालचा ‘माहेरची साडी’ घेतला. दुसऱ्याने पटकन म्हटले की हा ज्याला आवडतो त्याला चित्रपट कळत नाही. निवडणारा मित्र एरवी मोठ्याने बोलणारा आहे, पण तो खालच्या आवाजात बोलू लागला. गावच्या जत्रेत टुरिंग टॉकीजच्या तंबूत, जमिनीवर अंथरलेल्या पोत्यावर बसून त्याने हा चित्रपट आई आणि आत्याबरोबर पाहिला होता. मध्ये पडदा वाऱ्याने हलत होता. अलका कुबल यांच्या वाट्याला पडद्यावर जे येत होते ते पाहून आत्या पदर तोंडाला लावून रडत होती, आणि आईने तिचा हात धरला होता. त्या दोघी नणंद-भावजया एरवी एकमेकींशी फारशा बोलत नसत. घरी परतताना बैलगाडीत त्या प्रथमच एकमेकींना स्वतःच्या लग्नाविषयी सांगू लागल्या, आणि तो झोपेचे सोंग घेऊन ऐकत राहिला.

त्या रात्री माफी मागितली गेली आणि नियमावलीत एक ओळ वाढली : बोलणे चित्रपटावर असावे, निवडणाऱ्यावर नसावे. चित्रपट बेतलेला आहे, पटकथा सैल आहे, रडवण्यासाठी रडवले आहे, असे सर्व काही म्हणता येते. माणसाच्या आवडीला कमी लेखता येत नाही. ज्याच्याकडून हे घडेल त्याने पुढची पाळी सोडायची, असा दंडही आहे.

निवड मागे घेता येते का?

नाव उच्चारले की निवड झाली. ‘थांबा, ते नको’ याला आम्ही रडीचा डाव म्हणतो आणि तो चालत नाही.

मोबाइल वापरू द्यावा का?

निवडीच्या फेऱ्यांत देऊ नये. वर्षाबद्दल किंवा दिग्दर्शकाबद्दल शंका आली तर एकालाच पाहू द्यावे. ज्याची त्याची यादी घरून कागदावर लिहून आणलेली असावी, आणि ती किमान पंधरा नावांची असावी, कारण पहिल्या दोन फेऱ्यांतच बरीच नावे इतरांकडे जातात.

परदेशातील मित्राला सामील करून घेता येते का?

येते. आमच्यातील एकजण न्यू जर्सीला गेल्यापासून व्हिडिओ कॉलवर खेळतो. शनिवारी पुण्यात रात्रीचे आठ वाजता आम्ही बसतो तेव्हा त्याच्याकडे उन्हाळ्यात सकाळचे साडेदहा आणि हिवाळ्यात साडेनऊ झालेले असतात. वेळ दोन्ही बाजूंना सोयीची पडते. त्याच्यासाठी नोंदीचा पुठ्ठा कॅमेऱ्यासमोर ठेवावा लागतो आणि दर निवडीनंतर आतापर्यंत गेलेली नावे मोठ्याने वाचावी लागतात. तो तिकडे गेल्यावर त्याच्या निवडी बदलल्या, हेही येथे नोंदवतो. आता त्याची पहिली मागणी ‘श्वास’ची असते, आणि त्यातला आजोबा नातवाला शस्त्रक्रियेपूर्वी शहर दाखवायला घेऊन जातो तो भाग सांगताना तो त्या नातवापेक्षा त्या आजोबाविषयीच जास्त बोलतो. त्याचे वडील कोकणात एकटे राहतात.

घरातील लहान मुलांना खेळू द्यावे का?

लिंबूटिंबू म्हणून जरूर द्यावे. त्यांना प्रत्येक फेरीत एक निवड द्यावी, ती कोणाच्याही संघातून वजा करू नये आणि त्यांनी कारण मात्र सांगितलेच पाहिजे असा आग्रह धरावा. ‘झपाटलेला’मधील तात्या विंचू इतका भीतिदायक का वाटतो, याचे सर्वांत चांगले कारण मी एका नऊ वर्षांच्या मुलीकडून ऐकले आहे : ‘कारण तो बाहुला आहे आणि बाहुल्या आपल्याच खोलीत असतात.’

निकाल कसा लावावा?

प्रत्येकाने इतर तिघांच्या संघांना पसंतीक्रमाने ३, २ आणि १ असे गुण द्यावेत. स्वतःच्या संघाला गुण देता येत नाहीत. चौघांत एकाला जास्तीत जास्त ९ गुण मिळू शकतात. गुण चिठ्ठीवर लिहून घडी घालून द्यावेत, कारण तोंडी दिले तर शेवटचा माणूस हिशेब करून गुण देतो. बरोबरी झाली तर दोघांनाही विजयी मानावे.

काही मंडळी नावे झाकून संघ घरच्यांना दाखवतात आणि त्यांच्याकडून निकाल घेतात. ती पद्धत निःपक्षपाती आहे, परंतु मला ती पसंत नाही. तिच्यात ‘फँड्री’विषयी कोण काय बोलले याला काहीच किंमत उरत नाही आणि फक्त नावांची तुलना होते. ज्यांनी अडीच तास ऐकले त्यांनीच निवाडा करावा.

कोणीही न घेतलेल्या चित्रपटांचे काय करता?

आम्ही नावे लिहायला जुन्या लग्नपत्रिकांच्या मागची कोरी बाजू वापरतो. कात्रीने कापलेल्या त्या जाड तुकड्यांवर पुढून कुठे ‘श्रीकृपेकरून’ तर कुठे अर्धा गणपती दिसत असतो. निवडलेल्या चित्रपटांचे तुकडे पुठ्ठ्यावर लागतात. डाव संपल्यावर प्रत्येकजण आपल्या यादीतील राहून गेलेली नावे अशाच तुकड्यांवर लिहितो आणि ते सर्व एका पाकिटात ठेवले जातात. पुढच्या डावाच्या आरंभी, चिठ्ठ्या टाकण्यापूर्वी, ते पाकीट उघडून नावे वाचली जातात.

‘उंबरठा’ त्या पाकिटात दोन डाव पडून होता. १९८२ सालचा चित्रपट, आमच्या कोणत्याच अवघड रकान्यात न बसणारा, म्हणून मुक्त रकान्यापर्यंत त्याची पाळी येत नसे. गेल्या खेपेला नावे वाचताना आमची शिक्षिका मैत्रीण तो तुकडा हातात धरून थांबली. तिची पाळी तिसरी होती आणि १९६० पूर्वीचा रकाना अजून रिकामा होता. डाव सुरू झाल्यावर पहिल्या दोघांनी ‘संत तुकाराम’ आणि ‘श्यामची आई’ घेतले, आणि तिने कोणाकडेही न पाहता तो तुकडा मुक्त रकान्यात ठेवला. कारण सांगण्याच्या दोन मिनिटांत ती स्मिता पाटील यांच्या सुलभाविषयी बोलली, घर सोडून निघालेल्या त्या बाईच्या खिडकीतून बाहेर पाहण्याविषयी बोलली, आणि वेळ संपल्याची घंटी वाजवायचे काम माझ्याकडे होते तरी मी ती वाजवली नाही.